तुसाची राख

बाबूजी,

तुमच्याबद्दल मी छापलेल्या लेखात दोन चुका आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधून पोट भरलं आणि या दोन माझ्याच हाताखालून निसटल्या. निसटल्या, छापल्या गेल्या, पुढे पुस्तकातही आल्या. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली, तेव्हा कळवायला उशीरच झाला म्हणायचा. पण मलाच ते गेल्या महिन्यात कळलं, आणि ज्या तऱ्हेनं कळलं ती तऱ्हा तुम्हाला आवडली असती.

तो लेख तुम्ही वाचलेला नाही, वाचणं शक्यच नव्हतं. तुमची तेरवी आटोपून मी गोंदियाला परतलो, त्याच दिवशी संपादक म्हणाले, उद्याच्या पुरवणीत एक कॉलम रिकामा आहे, वडिलांवर लिही. पाऊण तासात लिहून दिला. मथळा होता ‘धरणावरचं नाक’. इटियाडोह धरणाच्या सरकारी बोटीवर तुम्ही खलाशी होतात, बोटीत कुठंही कुजकट, आंबट, खवट वास आला की तो कुठून येतो ते तुम्ही नेमकं सांगायचे, आसपासचे ढिवर मासेमार आपले डोंगे तुमच्याकडे दाखवायला आणायचे, आणि पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस तुम्हाला ‘नाकवाले बाबूजी’ म्हणायचा, असं सगळं त्यात होतं. मजकूर चार ओळी जास्त झाला. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. मी स्वतःच चार ओळी काढल्या आणि घरी जाऊन झोपलो. लोकांना लेख फार आवडला. आजही गोंदियात कुणी जुना वाचक भेटला की त्या लेखाची आठवण काढतो, आणि मी नम्रपणे मान हलवतो.

त्या लेखात जे खरं होतं ते आधी सांगतो, कारण तेही पुष्कळ होतं. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून धरणावर न्यायचे. ती पांढरी लोखंडी बोट, मागे डिझेलचं इंजिन, मधे सहा माणसांची बंद खोली, काथ्याच्या गाद्या. साहेब लोक पाहणीला यायचे तेव्हा त्या खोलीत बसायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका सकाळी साहेब यायचे होते आणि खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास भरला होता. तुम्ही मागे इंजिनाशी होता. मला वाटलं आपण मदत करावी. मायने पूजेसाठी दिलेल्या उदबत्त्या पिशवीत होत्या, त्यातल्या चार मी पेटवून गादीच्या फटीत खोचल्या. तुम्ही आत आलात, धूर पाहिला, चारही उदबत्त्या उपटून खिडकीतून पाण्यात फेकल्या. मला मारलं नाही. नुसतं म्हणालात, “वास मारायचा नाही, बाबू. वास काढायचा.” मग गाद्या एकेक करून काठावर नेल्या, एकमेकींपासून दहा-दहा पावलांवर ठेवल्या, आणि मला प्रत्येकीजवळ पाठवून विचारलं, “कसा येते? मातीसारखा? ताकासारखा? का अंड्यासारखा?” तिसरी गादी खालून भिजलेली निघाली. खिडकीच्या रबरातून पाणी झिरपत होतं. साहेब आले तेव्हा बोटीत पाच गाद्या होत्या आणि एका जागी सतरंजीची घडी होती, आणि साहेब नेमके त्या घडीवर बसले.

वास मारणं आणि वास काढणं. आपल्या भाषेत बोट घाण झाली की ‘वास मारते’ म्हणतात, आणि त्यावर फिनाईल ओतून आपण पुन्हा वासच मारतो. काढायचा म्हणजे माग काढायचा, मुळापर्यंत जायचं, आणि मग त्या मुळासकट उपसून बाहेर टाकायचा. शब्द एकच आहे, कामं दोन आहेत, आणि पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. हे मला भाषेचा धंदा करूनही फार उशिरा लक्षात आलं. तुम्ही चौथी शिकलेले. फिनाईलबद्दल तुम्ही म्हणायचे, त्यानं वास जात नाही, वासाले जोडीदार भेटते.

मोठे काका तुमच्या या कामावर नाराज असायचे. पोवाराच्या, शेतकऱ्याच्या घरचा माणूस, थोडी का असेना जमीन आहे, आणि हा दुसऱ्यांच्या डोंग्यात वाकून नाक खुपसतो. एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, “ढिवराचं काम कायले करून राहिला तू?” तुम्ही भात कालवत राहिलात. म्हणालात, “त्याइले इचारून पाय दादा. ते म्हणतीन, याले आमचं काम कुठं येते?” काकांना हसू आवरलं नाही. मी तो प्रसंग लेखात घातला नव्हता, काका तेव्हा जिवंत होते.

मला पेपरात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला पेन द्याल असं वाटलं होतं. तुम्ही पेचकस दिलात. लाकडी मुठीचा, बोटीच्या तळावरच्या फळ्या, म्हणजे पाट्या, उघडायचा, मूठ हातानं गुळगुळीत झालेली. “पेपरात याचं काय काम?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “वरून सारंच साफ दिसते, बाबू. पाटी उघडून पायत जाजो.” तो माझ्या टेबलाच्या खणात पुढची सगळी वर्षं होता. पाकिटं फोडायला वापरला, एकदा खुर्चीचा स्क्रू आवळायला.

तर आता गेल्या महिन्याचं. मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. माझ्या दादाशी तिचं लग्न झालं तेव्हा तुम्ही अजून नोकरीत होतात, मी गोंदियाला होतो, त्यामुळे घरात ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त भेटली आहे. आता ती साठीच्या जवळ आली आणि केशोरीकडच्या आपल्या गावात बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पाहुणे येतात, पक्षी पाहायला, फिरायला. गावच्या समितीने या गटाला एक बोट चालवायला दिली. फायबरची, वर छत, बाजूला काचा, दहा माणसं बसतील अशी. अट एकच, एक हंगाम चालवून दाखवायची, नाहीतर बोट गोंदियाच्या ठेकेदाराकडे जाणार. बायका बोट चालवायला शिकल्या. इंजिन उघडायला शिकल्या. दोन महिने सगळं ठीक होतं. मग वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गेली, आणि परत आली तर बोट वास मारत होती.

“नुसता वास नाही जी भाऊजी,” ती फोनवर म्हणाली, “परवा नागपूरचे पाहुणे अर्ध्यातून परत फिरले. एका बाईनं तर साडीचा पदर नाकाले लावला तो काठावर येईपर्यंत काढलाच नाही. रविवारी समिती येऊन राहिली बोट पाहाले. बाया म्हणतात, तुमच्या दिराले बोलवा. पुस्तकात लिहिलं आहे, त्याइच्या बापाले नाक होतं.”

पुस्तक म्हणजे माझंच. निवृत्तीनंतर जुने लेख गोळा करून काढलं आणि गावी दोन प्रती दिल्या. एक गटाला.

“आणि तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं.

“मी म्हणते या. तुमचा भाऊ शेतात आहे, उन्हाळी धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकून राहिला. घरी जेवाले माणूस पायजेच.”

मी बुधवारी पोचलो. बाबूजी, खरं सांगतो, मी जरा ऐटीतच गेलो. नाक आपल्या घरात आहे असं मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. काठावर आठ बायका उभ्या होत्या. मी बूट काढून बोटीत उतरलो. काचा बंद होत्या, आतून भपकारा आला. मी डोळे मिटून उभा राहिलो, मग पुढे गेलो, मग मागे, मग गुडघ्यावर बसून पाटीला नाक लावलं.

“काय म्हणते जी नाक?” बाहेरून एकीनं विचारलं.

“थांब व, आत्ताच तं चालू झालं,” दुसरी म्हणाली.

“जुनं मॉडेल आहे, तापाले वेळ लागते.”

दहा मिनिटांनी मला कसलाच वास येईना. मी बाहेर आलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा तेच. तुम्हाला माहीत असेल, मला माहीत नव्हतं, की नाक फार लवकर हार मानतं. घाणीत उभं राहिलं की थोड्या वेळात ते म्हणतं, ठीक आहे, असंच असेल. मी मागे इंजिनाकडे बोट दाखवून म्हणालो, डिझेल गळतंय. बायकांनी इंजिन उघडून दाखवलं, खाली ठेवलेला कागद कोरडा होता. मग मी म्हणालो गाद्या. गाद्या रेक्झिनच्या, गेल्याच आठवड्यात धुतलेल्या. दुपार झाली. गटाची सचिव गावातलीच एक शिवणकाम करणारी सून आहे, तिशीची, बोलायला कमी. ती बोटीकडे पाहत म्हणाली, “रविवारले चारच दिवस राहिले जी, सर.” कुणी हसलं नाही.

दुपारी वहिनीच्या चुलीशी पाटावर बसलो. गॅस आहे, पण वरण ती अजून चुलीवरच करते. मी म्हणालो, “बाबूजी असते तर एका मिनिटात सांगितलं असतं.”

ती पळी थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. “मामाजीले वास येतच नव्हता,” ती म्हणाली. तुम्हाला ती अजूनही मामाजीच म्हणते.

मला वाटलं ती चेष्टा करते आहे.

“तुमाले माहीत नाही? मी लग्न होऊन आली त्याच्या पयलेच गेलता त्याइचा वास. पयल्या महिन्यात माझी डाळ करपली होती, साऱ्या घरात धूर. सासूबाई माहेरी गेल्या होत्या, म्हणून वाचली. मामाजी जेवाले बसले, म्हणे, आज वरण चांगलं झालं बाई. मी म्हटलं थट्टा करून राहिले. मंग दुसऱ्या दिवशी नासलेलं दूध पिऊन गेले, घटाघटा. तवा समजली. मी इचारलं. मंग म्हणे, बाई, कोणाले सांगू नोको. डिझेलचा वास येत नाही त्याले बोटीवर कोण ठेवन?”

मी विचारलं, मग ते वास कसा काढायचे?

“मी होती ना,” ती म्हणाली, आणि वरणात फोडणी टाकली.

बाबूजी, मी तिथं बसून ऐकत होतो आणि माझ्यासमोर सगळी वर्षं उलटी होत होती. काठावर गाद्या मांडून तुम्ही मला विचारत होता, कसा येते, मातीसारखा का ताकासारखा. मी समजत होतो तुम्ही मला शिकवताय. कदाचित शिकवतही असाल. कदाचित तेव्हाच तुमचं नाक गेलेलं असेल आणि तुम्हाला खरंच माहीत करून घ्यायचं असेल. ते कधी गेलं हे मी ठरवू शकलो नाही, वहिनीलाही माहीत नाही. तापात गेलं, का त्या बंद इंजिनखोलीत वर्षानुवर्षं वाकून गेलं. इतकं मात्र खरं की ज्या माणसाला सारे नाकवाले म्हणत होते त्याला नोकरीची किमान शेवटची अकरा वर्षं कशाचाच वास येत नव्हता, आणि त्या अकरा वर्षांत तुमच्या बोटीत बसून एकाही साहेबानं रुमाल काढला नाही. नाक असलेल्या माणसानं हे केलं असतं तर ते कौतुक नाकाचं झालं असतं. मी लेखात तेच केलं. तुमचं कौतुक तुमच्या नाकाला देऊन टाकलं. मला त्या दुपारी लाज वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो अभिमान.

वहिनीनं जेवण झाल्यावर तुमची रीत सांगितली. शनिवारी संध्याकाळी तुम्ही डब्याच्या पिशवीत चिंध्या आणायचे. बोटीच्या प्रत्येक कोपऱ्यातून, प्रत्येक पाटीच्या फटीतून एकेक ओली चिंधी फिरवून आणायचे आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. पुढच्या टोकाच्या चिंधीला एक गाठ, मधल्या डाव्या बाजूला दोन, उजव्या बाजूला दोन गाठी आणि एक फाटा, असं. अंगणात डबे लांब लांब मांडायचे. वहिनीनं एक डबा उघडायचा, वास घ्यायचा, मग चालत जाऊन तुळशीशी उभं राहायचं, मग दुसरा. कोणता सगळ्यात वाईट, आणि कशासारखा, एवढंच तुम्ही विचारायचे. बाकीचं काम हाताचं. माय विचारायची, सून अंगणात कायले फिरून राहिली? तुम्ही म्हणायचे, पचन होते.

“मंग सकाळीच काऊन नाही सांगितलं?” मी म्हणालो. मीही तिच्याच बोलीत शिरलो होतो.

“तुम्ही इतक्या जोरात वास घेऊन राहिले होते,” ती म्हणाली. “मधात कशी बोलू?”

गुरुवारी सकाळी आम्ही काठावर मोहाच्या झाडाखाली नऊ डबे मांडले. बायकांना तिनं फक्त सांगितलं, मामाजीची रीत अशी होती. नाकाचं काही बोलली नाही. ती एकेक डबा उघडत होती, वास घेत होती, पाण्यापर्यंत चालत जाऊन परत येत होती. पहिला चिखलाचा. दुसरा काहीच नाही. तिसरा रबराचा. सहाव्या डब्याशी ती थांबली, पुन्हा उघडला, आणि तोंड वाकडं केलं.

“बोटीत म्हैस कोणी बांधली व?”

“काय?”

“घमेल्यात म्हशीले कोंडा भिजवून ठेवला आणि चार दिवस इसरला, तो वास आहे हा. आंबलेला कोंडा.”

सहावी चिंधी मधल्या उजव्या बाजूची होती. तिथल्या पाटीला नऊ स्क्रू होते. तुमचा पेचकस गोंदियात खणात पडला होता, आणायचं सुचलंच नव्हतं. सचिवबाईनं आपल्या शिवणयंत्राचा पेचकस दिला. पाटी उचलली. बोटीच्या तळाला आडव्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीला खाली करंगळी जाईल एवढं भोक, आत आलेलं पाणी मागे वाहत जावं म्हणून. ती भोकं दिसतच नव्हती. तळ काळ्या लगद्यानं भरला होता. मी हात घातला. मूठभर वर काढलं तर त्यात पिवळी टोकं चमकली. भाताचं तूस. पोतंभर असावं. गिरणीतून आणलेलं, कोंडा मिसळलेलं, पाणी पिऊन फुगलेलं, आणि सगळी भोकं बुजवून बसलेलं.

“हे कोणी टाकलं?” वहिनीनं विचारलं.

सचिवबाई म्हणाली, “आमीच टाकलं जी, पाट्या उचलून. तुम्ही लेकीकडे गेल्या होत्या तवा. थोडी ओल वाटून राहिली होती बोटीत. तुम्ही येईपर्यंत चकाचक करून ठेवू म्हटलं.” मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, “सरच्या पुस्तकात आहे ना.”

तिनं पुस्तक पिशवीतून काढलं. पानाला दोरा लावून ठेवला होता. वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ‘बोटीत ते तूस टाकत, आणि चार दिवसांत वास नाहीसा होई.’

वहिनीनं चष्मा लावला, वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. “भाऊजी,” ती म्हणाली, “राख कुठं गेली?”

मला लगेच कळलं. घरी येऊन मी जुनं हस्तलिखित काढून पाहिलं, तिथं वाक्य नीट आहे: ‘धुऊन, उन्हात वाळवलेल्या बोटीत ते तुसाच्या राखेच्या पुरचुंड्या टांगत.’ चार ओळी कमी करायच्या होत्या त्या रात्री मी आधी ‘धुऊन’ काढलं, मग ‘उन्हात वाळवलेल्या’, मग ‘पुरचुंड्या’, आणि वाक्य आटोपशीर करताना राखेचं तूस झालं. प्रत्येक वेळी वाक्य सुधारतंय असंच वाटलं होतं.

“जागा नव्हती,” मी म्हणालो.

“राखेले किती जागा लागते जी?”

बायका हसल्या. सचिवबाई हसली नाही. तिला वाटत होतं बोट आपल्यामुळे जाणार. ती म्हणाली, “मंग आमी पुस्तकावर भरोसा ठेवला ते चुकलं का?” मी इतकी वर्षं संपादकांना, मंत्र्यांना, वाचकांच्या नोटिशींना उत्तरं दिली आहेत. या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी म्हणालो, नाही बाई, तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं. पुस्तकात लिहिलं तसंच तुम्ही केलं, बाबूजी करायचे तसं मी लिहिलं नाही. मग मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घमेलं घेतलं.

त्या दिवसापासून तीन दिवस आम्ही तुमच्या रीतीनं काम केलं. सगळ्या पाट्या उघडल्या. चमच्यांनी आणि हातांनी तूस खरवडलं, भोकं सायकलच्या तारेनं मोकळी केली. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी फिरवलं, मग साधं पाणी. मग वहिनीनं कपड्याची नीळ मागवली. बादलीभर निळं पाणी बोटीच्या पुढच्या टोकाला ओतायचं आणि मागे उभं राहून पाहायचं, निळं पाणी सगळ्या भोकांतून येतं का. दोन वेळा उजवीकडून निळं आलंच नाही. तिसऱ्यांदा आलं तेव्हा बायकांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. माझ्या लहानपणी तुमची बोटं कधीकधी निळी असायची. मला वाटायचं तुम्ही माझी शाई वापरता.

शुक्रवार, शनिवार बोट उघडी उन्हात ठेवली. शनिवारी दुपारी राइस मिलच्या भट्टीतली तुसाची काळी राख आणली, हलकी, कोरडी. सचिवबाईनं जुन्या धोतराच्या चौदा पुरचुंड्या शिवल्या. ती शिवत असताना मी तिला म्हणालो, पुढच्या आवृत्तीत वाक्य दुरुस्त करतो. ती म्हणाली, “पुढची कवा निघन?” मी म्हणालो, माहीत नाही. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पेन्सिलनं ‘तूस’ शब्दापुढे ‘ची राख’ लिहिलं, मग ते बरोबर दिसेना म्हणून खोडून ‘तुसाची राख’ लिहिलं, आणि कडेला ‘धुऊन, वाळवून’ असं घातलं. कडेला जागा भरपूर होती.

मी गोंदियाला आल्यावर पेपरात चार ओळींची दुरुस्ती पाठवली. राखेची. छापून आली. नाकाची पाठवली नाही. वहिनी म्हणाली, “तुमची ती नाकाची गोष्ट राहू द्या जी. मामाजीनं सांगू नोको म्हटलं होतं. मी तुमालेही सांगाले नको होतं, पण बोट जाऊन राहिली होती.” तुमची नोकरी केव्हाच संपली, पेन्शनही संपलं, पण तिनं दिलेला शब्द अजून चालू आहे. म्हणून हे सगळं फक्त तुम्हाला लिहितो आहे, आणि हा कागद कुठंही छापायला किंवा कुणाला दाखवायला जाणार नाही. हस्तलिखिताच्या त्या जुन्या पानाला टाचून ठेवीन.

रविवारी समितीची पाच माणसं आली. वहिनीनं काय केलं पाहा. लोक पाहुणे यायच्या आधी दारंखिडक्या उघडून ठेवतात. तिनं सकाळी अकरालाच बोटीच्या सगळ्या काचा लावून घेतल्या, वर ताडपत्री टाकली आणि बोट उन्हात तापत ठेवली. मी म्हणालो, वहिनी, आज कायले? ती म्हणाली, “मामाजी असंच करत. बंद करून तापवायची. वास लपला असन तं तवाच बाहेर येते.” सचिवबाईचा चेहरा पांढरा पडला होता. दुपारी एक वाजता समितीच्या अध्यक्षांनी खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढला, तो हातात धरून आत गेले, आणि वहिनीनं बाहेरून दार लावून घेतलं. आठ बायका काठावर रांगेत उभ्या होत्या.  मी घड्याळ पाहत होतो, पान सोडायच्या वेळी पाहायचो तसं. पाच मिनिटं झाली. सहा झाली.

दार उघडलं. अध्यक्ष बाहेर आले, रुमालाची घडी घालून खिशात ठेवत. “काहीच वास नाही येऊन राहिला,” ते म्हणाले, जरा तक्रारीच्या सुरात. मग बाकीच्या चौघांकडे पाहिलं. “ठेकेदाराचं राहू द्या. बोट बायांइजवळच राहन.”

बायकांचा जो आवाज झाला तो मला लिहिता येणार नाही. सचिवबाई वाळूत बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. वहिनी ताडपत्रीची घडी करत होती, जणू कपडे वाळले म्हणून काढतेय. बाबूजी, तुम्ही त्या काठावर असता तर तुमची छाती किती फुगली असती ते मला माझ्या छातीवरून कळलं. तुमचं काम तुमच्या सुनेच्या हातात आहे, आणि तिच्या हातून आता आणखी सात जणींच्या. त्यांच्यातली एकही आता बोटीत उदबत्ती लावणार नाही.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांनी माझं पुस्तक वाचलं होतं. हसून म्हणाले, “शेवटी बापाचं नाकच कामी आलं, नाही का, सर?”

मी वहिनीकडे हात केला. म्हणालो, वास यांनी काढला, मी फक्त घमेलं उचललं. सगळं खरं तेच सांगितलं. पण तसं म्हणायला मी जरा उशीर केला, बाबूजी. तेवढ्या वेळात अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती, आणि ती मी घेतली.